थोमाचे आठ दिवस

आज संध्याकाळच्या प्रार्थनेतून लेक उठून गेली. पंधरा वर्षांची आहे. "आई, मनातून वाटत नसेल तर डोळे मिटून का बसू?" पाचव्या वर्षी रविवारच्या शाळेतून 23वं स्तोत्र तोंडपाठ म्हणत आलेली हीच! रागावणार होते, पण गप्प बसले.

जेवणानंतर तिच्याजवळ बसून बायबलमधला योहानाच्या शुभवर्तमानाचा 20वा अध्याय वाचला. येशू मरणातून उठला यावर, त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा त्याचा शिष्य थोमा. बाकीच्या शिष्यांनी त्याला हाकललं नाही. आठ दिवसांनीही तो त्यांच्यातच होता. मग येशू आला आणि म्हणाला, "बोट इकडे कर."

"म्हणजे शंका चालते?"

"चालते गं. फक्त आमच्यातच राहा."

ती काही बोलली नाही. झोपताना म्हणाली, "बायबल इथेच राहू दे."