शंभरपैकी ९१

मानसिक लवचीकता, म्हणजे संकटातून सावरायची ताकद, मोजायला मी बहुतेक वेळा कॉनर-डेव्हिडसन मापनी वापरते. २००३ साली आलेली, २५ विधानांची. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण शंभर; गुण जास्त तितकी लवचीकता जास्त. इमारतीला आग लागून घर गेलेल्या एका कुटुंबाने ती भरली तो दिवस मात्र वेगळाच गेला.

नवरा चाळिशीतला. बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, हिला समजवा जरा. तीन महिने झाले, हिचं रडणं थांबत नाही." तिघांना वेगवेगळं बसवून कागद दिले. त्याचे आले ९१, बायकोचे ५४ आणि त्याच्या आईचे ५०च्या आसपास.

आजींचे गुण कुठे गेले ते बघायला मी त्यांच्याजवळ बसले. ध्येयासाठी झटण्याच्या विधानांपुढे शून्य. "अगं पोरी, सत्तरी उलटली. आता कसलं ध्येय?" बदल पचवण्याच्या, सोसण्याच्या विधानांपुढे चार. झोप? "लागते की. घर गेलं, माणसं राहिली." माझ्या मते ही मापनी तरुणांच्या धडपडीला झुकतं माप देते. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क भागातल्या लोकांची पाहणी केली होती. आघाताची लक्षणं जवळजवळ नसणं हा तिथला निकष. त्यावर पासष्टीच्या पुढचे लोक १८ ते २४ वयाच्या तरुणांपेक्षा कितीतरी जास्त टिकून असल्याचं दिसलं. आजी तिथे सहज बसल्या असत्या.

मुलं बरोबर नव्हती, पण त्यांच्याविषयी विचारलं. सात वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला होता, दहा वर्षांची मुलगी बरी होती. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक वर्षं माग घेतला. त्यात लहानपणी मुलगे जास्त डळमळीत निघाले, किशोरवयात मुली. म्हणून मुलीकडेही पुढची काही वर्षं लक्ष असू द्या, असं सांगितलं.

मग बायको. रडता रडताच सांगत होती: विम्याचे कागद तिने लावले, मुलांची शाळा तिने सांभाळली, नोकरीवर पंधरवड्यात रुजू झाली. रात्री बहिणीशी फोनवर बोलते, तिथेही रडते. बोनॅनोंच्या त्याच पाहणीत स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी लवचीक ठरल्या होत्या. पण तिथे मोजली गेली ती फोनवर विचारल्यावर लोकांनी सांगितलेली लक्षणं. न सांगणारा आपोआपच कणखर ठरतो. स्त्री-पुरुषांतला सगळा फरक यातूनच येतो असं नाही. आघातानंतरचा दीर्घ विकार स्त्रियांत साधारण दुप्पट आढळतो, हे खरंच आहे. पण एवढं काम निभावणारी बाई ५४वर आणि हिला आणणारा ९१वर, हे मला पटेना.

जाता जाता ती म्हणाली, "यांना विचारा ना, रात्री किती वेळा उठून गॅस बघतात ते."

त्याला विचारलं. आधी हसला. मग कळलं की झोप जेमतेम तीन-चार तास लागते, लिफ्ट सोडलीय आणि धुराचा वास आला की हातपाय गार पडतात. हे कुणाशी बोललात का? "कुणाशी बोलणार? घरात एकाने तरी नीट राहायला नको?"

पुढची वेळ मी त्याच्या नावावर दिली. तो नाराज झाला. "पण माझे तर ९१ आलेत ना?" शेवटी झोपेसाठी म्हणून यायला तयार झाला, आणि नंतर येतही राहिला. बायकोला मी महिन्याने फोन करायला सांगितलं. आजींना काहीच नको होतं.