मेलवर आधी सही, मग कुलूप

मी वैद्यकीय कागदपत्रांचे अनुवाद करते. बायोप्सीचे रिपोर्ट, मानसोपचारतज्ज्ञांच्या नोंदी, डिस्चार्ज समरी असं सगळं मला मेलवर येतं. ज्यांचे ते कागद असतात त्यांनी ते घरच्यांनाही दाखवलेले नसतात कधीकधी. म्हणून "मेल एन्क्रिप्टेडच असते ना?" या प्रश्नाचं उत्तर मी नीट देते. असते, म्हणजे मजकूर गुप्त रूपात बदललेला असतो, पण बहुतेकदा फक्त वाटेत. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाताना टीएलएस, म्हणजे जोडणी सुरक्षित करणारी पद्धत, तिला झाकतं. मुक्कामाला पोचली की तिथे ती वाचता येईल अशीच पडून राहते. ज्याच्या हाती माझा पासवर्ड लागेल त्याला रिपोर्ट उघडायला काहीच अडचण नाही.

पाठवणाऱ्याकडे बंद व्हावी आणि घेणाऱ्याकडेच उघडावी, यासाठी ओपनपीजीपी ही मेल एन्क्रिप्ट करण्याची पद्धत आहे. त्याचं मूळ, पीजीपी हा प्रोग्रॅम, फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये लिहिलं. ते अमेरिकेबाहेर पसरलं म्हणून त्यांची चौकशी सुरू झाली, कारण तिथल्या निर्यात नियमांत मजबूत एन्क्रिप्शनची गणना युद्धसामग्रीत होत होती. १९९६ मध्ये खटला न भरताच चौकशी बंद झाली. आज थंडरबर्ड या मेल वाचण्याच्या प्रोग्रॅममध्ये ही सोय आतच आहे, २०२० पासून.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मात्र मी आधी डिजिटल सही करायला सांगते. एन्क्रिप्शनसाठी समोरच्याची पब्लिक की (सगळ्यांना द्यायची किल्ली) लागते, म्हणजे त्यालाही हे सगळं शिकावं लागतं. सही माझ्या प्रायव्हेट कीने (फक्त माझ्याकडे असलेल्या किल्लीने) होते, त्यासाठी कुणाची वाट पाहावी लागत नाही. प्रोग्रॅम मजकुराचा हॅश (मजकूर जरा बदलला तरी बदलणारा छोटा ठसा) काढतो, त्यावर सही करतो, आणि माझी पब्लिक की असलेला कुणीही ती पडताळू शकतो. '५ मिग्रॅ'चं वाटेत '५० मिग्रॅ' झालं, तर पडताळणी फसते. माझ्या कामात गुप्ततेइतकंच, काही वेळा तिच्याहूनही जास्त, मोल याला आहे.

एन्क्रिप्शनची खरी अडचण वेगळीच आहे: ही की नक्की त्याच माणसाची कशावरून? कुणाच्याही नावाने, कुणाचाही पत्ता घालून की तयार करता येते. म्हणून फिंगरप्रिंट, म्हणजे त्या कीची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, जुळवायचा. सध्या सर्रास दिसणाऱ्या कींचा तो ४० अक्षरांचा असतो. फोनवर एकाने चार-चार अक्षरं वाचायची, दुसऱ्याने आपल्या स्क्रीनवर बघायची. मात्र फोन नंबर त्याच मेलमधून घ्यायचा नाही. मेल बनावट असेल तर नंबरही बनावटच असणार. डॉक्टर घाईत असतात, "असू द्या हो" म्हणतात. तरी मी वाचायला लावते.

एवढं करूनही कोण कुणाला आणि केव्हा लिहितंय हे उघडंच राहतं. विषयाची ओळही पुष्कळदा उघडी जाते. थंडरबर्ड ती झाकू शकतं, पण समोरचा कोणता प्रोग्रॅम वापरतो यावर भरवसा ठेवू नये. विषयात आजाराचं नाव किंवा रुग्णाचं नाव कधीच लिहू नका, 'कागदपत्रं' पुरे. शिवाय बाहेरची चित्रं आपोआप उघडण्याची सोय बंद ठेवा. उलगडलेला मजकूर एचटीएमएलच्या (मेलमध्ये चित्रं, रंग दाखवणाऱ्या कोडच्या) आडून बाहेर खेचता येतो, हे २०१८ मध्ये 'ईफेल' या हल्ल्याने दाखवलं होतं.

प्रायव्हेट की जपण्याला मी सगळ्यात वर ठेवते. ती हरवली तर जुन्या बंद मेल तुम्हालाही उघडत नाहीत. चोरीला गेली आणि पासफ्रेज (कीवरचा लांब पासवर्ड) कच्चा असला, तर आजवर जमवलेल्या सगळ्या बंद मेल चोराला वाचता येतात, कारण इथे सगळ्या मेल त्याच एका प्रायव्हेट कीने उघडतात. कीची एक प्रत कॉम्प्युटरबाहेर ठेवा, आणि की रद्द करण्याचं प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी काढा. ते मात्र त्याच जागी न ठेवता वेगळीकडे ठेवा.