इंग्रजीत जाऊन रुळलेल्या लॅटिन क्रियाविशेषणांची वही : या खेपेला 'टँडम'

'अ‍ॅलिबाय'चं पान पूर्ण झालं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'दुसरीकडे'. इंग्रजी कोर्टात आधी आरोपी स्वतः 'अ‍ॅलिबाय' असायचा, म्हणजे घटनेच्या वेळी दुसरीकडे. पुढे त्या बचावालाच अ‍ॅलिबाय म्हणू लागले. रस्ता सरळ आहे. 'टँडम'चा तसा नाही, म्हणून सध्या मुक्काम त्याच्यावर.

लॅटिन 'तांदेम' म्हणजे अखेर, सरतेशेवटी. प्रश्नात आला की त्यात वैताग उतरतो. इ. स. पूर्व ६३ मध्ये रोमन वक्ता सिसेरोने रोमच्या सिनेटमध्ये कट रचणाऱ्या कॅटिलाइनविरुद्ध जे भाषण केलं, ते सुरूच होतं 'क्वो उस्क्वे तांदेम' या शब्दांनी : कॅटिलाइन, आमच्या सहनशीलतेचा अंत पाहणार तरी किती? त्या 'तरी'मधला जोर म्हणजे तांदेम. मला हे फार आवडलं, कारण कोशातल्या 'अखेर'वरून तो सूर कळत नाही.

म्हणजे शब्द निव्वळ काळाचा. तो घोड्यांना जाऊन चिकटला एका शाब्दिक कोटीमुळे. इंग्रजीत 'अ‍ॅट लेंग्थ' म्हणजे अखेरीस, आणि लांबी डोळ्यांपुढे आणली तर लांबच्या लांब. लॅटिन येणाऱ्या कुणीतरी हे दोन अर्थ मुद्दाम एकत्र केले आणि एकामागे एक घोडे जुंपलेल्या गाडीला टँडम म्हटलं. फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ च्या बोलभाषेच्या कोशात अशा दुचाकी घोडागाडीची नोंद आहे, तीही 'अ‍ॅट लेंग्थ' या खुलाशासकट. एकोणिसाव्या शतकात दोन स्वारांच्या सायकलने हेच नाव घेतलं.

आजच्या वापरात दोन धागे दिसतात. डीएनएमधले 'टँडम रिपीट' म्हणजे एकाला लागून एक आलेले तेच ते क्रम. तिथे रांग शाबूत आहे. 'इन टँडम' म्हणताना मात्र बरेचजण नुसतं 'मिळून, एकाच वेळी' एवढंच म्हणतात. ते चूक नाही, पण जिथे एक पुढे आणि एक मागे आहे तिथे हा शब्द जास्त शोभतो, असं माझं मत.

पुढचं पान 'आयटम'चं. लॅटिन अर्थ 'तसेच'. मृत्युपत्रांत आणि याद्यांत प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तो यायचा, आणि हळूहळू नोंदच आयटम झाली. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्थ नाइट'मध्ये ऑलिव्हिया स्वतःच्या रूपाची अशीच यादी करते : आयटम, दोन ओठ, आयटम, दोन डोळे, पापण्यांसह. सुरुवात तिथून करतो आहे.