न्यू रॉस: केनेडींच्या गावी आईबरोबर एक दिवस

आई उन्हाळ्यात माझ्याकडे डब्लिनला आली, तेव्हा मोहेरचे कडे वगैरे आधीच पाहून झाले होते. तिला शाळेत असताना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या खुनाची बातमी रेडिओवर ऐकल्याचं आठवतं. म्हणून म्हटलं, चल, त्यांच्या घराण्याचं मूळ गाव दाखवते. निघताना माझ्या डोक्यात इथून अमेरिकेला गेलेला त्यांचा पणजोबा पॅट्रिक केनेडी होता. त्याच्या बायकोचं नावही मला तोवर ठाऊक नव्हतं.

न्यू रॉस हे वेक्सफर्ड परगण्यातलं, बॅरो नदीकाठचं छोटं बंदर. तिथे प्रवासी रेल्वे जात नाही. आम्ही डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वॉटरफर्डपर्यंत गाडीने गेलो आणि पुढचे पंचवीसेक किलोमीटर बसने. रविवार होता, बसगाड्या कमी होत्या, तासभर ताटकळावं लागलं. तुम्ही शक्यतो रविवार टाळा. आणि भारतातून येणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, इथला वेगळा काढावा लागतो.

धक्क्यावर डनब्रॉडी ही बोट उभी आहे. मूळ जहाज 1845 मध्ये क्यूबेकला बांधलं गेलं, न्यू रॉसच्याच व्यापाऱ्यांसाठी. येताना लाकूड आणायचं आणि जाताना माणसं न्यायची. आताचं जहाज त्याची प्रतिकृती आहे. खाली तळमजल्यावर उतरलं की फळ्यांचे दुमजली पलंग दिसतात, एकेका फळीवर एकेक कुटुंब. असा दीड महिना काढायचा, वर मोकळ्या हवेत यायला मिळायचं तेही थोडाच वेळ. त्या काळच्या पोशाखातले कलाकार प्रवाशांच्या गोष्टी सांगतात. इंग्रजी उच्चार आईला जड गेले, पण फळीवर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात या देशात सुमारे 10 लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली, हे मी पूर्वी वाचलं होतं. त्या फळीपाशी उभं राहिल्यावर ते आकडे राहिले नाहीत. इथे घाई करू नका, दोन तास हाताशी ठेवा. पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर कठडा धरून सावकाश उतरा.

डंगन्सटाउनचं केनेडींचं घर तिथून सहा-सात किलोमीटरवर, अरुंद रस्त्याने. आम्ही गावातून टॅक्सी केली आणि परतीची वेळही तेव्हाच ठरवून घेतली. तुम्हीही तसंच करा. घर आजही त्याच घराण्याकडे आहे. जुन्या गोठ्या-कोठारांचं अंगण आणि शेजारी प्रदर्शन. हिवाळ्यात जाणार असाल तर उघडं असेल का ते आधी पाहून घ्या.

पॅट्रिक या घरातला धाकटा मुलगा. जमीन कुळाची, वर दोन भाऊ. त्याच्या वाट्याला काही येण्यासारखं नव्हतं. न्यू रॉसमधल्या बिअरच्या कारखान्यात तो लाकडी पिंपं बांधायला शिकला आणि 1848 मध्ये ते कसब घेऊन बॉस्टनला निघाला. फळ्या घोटून, वाकवून, लोखंडी पट्ट्यांत आवळून असं पिंप करायचं की थेंब गळता कामा नये. बॉस्टनला त्याने वेक्सफर्डचीच ब्रिजेट मर्फी हिच्याशी लग्न केलं, हेच काम केलं, आणि 22 नोव्हेंबर 1858 ला गेला. अमेरिकेत जेमतेम दहा वर्षं.

इथे आईने मला थांबवलं. "अगं, मग मुलं कोणी वाढवली?"

ब्रिजेटने. तीन मुली आणि दहा महिन्यांचा पॅट्रिक जोसेफ. आधी लोकांच्या घरची कामं, मग दुकानात नोकरी, मग स्वतःचंच एक छोटं दुकान, पुढे त्यात किराणाही. मुलगा चौदाव्या वर्षी शाळा सोडून गोदीवर हमाली करायला लागला. पुढे त्याने दारूचे गुत्ते काढले, राज्याच्या विधिमंडळात निवडून आला. ब्रिजेट 1888 च्या डिसेंबरमध्ये गेली. नातू जोसेफ, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे वडील, त्याच वर्षी सप्टेंबरात जन्मला होता. आईच्या आईनेही तिशीत नवरा गेल्यावर शिवणाच्या मशिनवर चार मुलं शिकवली, त्यामुळे आई प्रदर्शनातल्या ब्रिजेटच्या फलकापासून हलेना.

27 जून 1963 ला जॉन केनेडी याच अंगणात नातलगांबरोबर चहा प्यायले. धक्क्यावरच्या भाषणात ते म्हणाले की हा प्रवास पुरा व्हायला 115 वर्षं, 6,000 मैल आणि तीन पिढ्या लागल्या. पणजोबा गेले नसते तर आपण समोरच्या खत कारखान्यात कामाला असतो, असंही म्हणाले. भाषणात पणजोबा होते. मला वाटतं, त्या तीन पिढ्यांतली पहिली पिढी पणजीचीही होती आणि हे ठामपणे सांगायला हवं. टॅक्सीवाल्याने वाटेत बॅरोवरचा 2020 साली खुला झालेला 887 मीटरचा पूल दाखवला. त्याला रोझ केनेडींचं, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या आईचं नाव आहे. ब्रिजेटचं नाव तिथे असतं तर मला अधिक आवडलं असतं.

वेळ असेल तर जवळच केनेडींच्या नावाचं वृक्षउद्यान आहे, 252 हेक्टरचं. आमचं राहिलं. शाकाहारी असाल तर स्कोन, सोडा ब्रेड आणि सूप गावात सहज मिळतं. चहा इथे दूध घालूनच पितात, आणि चांगला कडक.

संध्याकाळी पुन्हा धक्क्यावर आलो. तिथे अमेरिकेतल्या आर्लिंग्टनच्या केनेडींच्या समाधीवरून 2013 मध्ये आणलेली ज्योत तेवत असते. थोडं पुढे त्यांचा पुतळाही आहे. मी आईला पुतळ्यापाशी उभं केलं, तर ती डनब्रॉडीकडे निघाली. "इथे काढ फोटो," ती म्हणाली. "अशाच बोटीत चढली असेल ना ती."