तुम्ही विचारलंत म्हणून: मोंद्रियानची शेवंती

चित्रांवर बोलताना डच चित्रकार पीट मोंद्रियानची शेवंती दाखवली, की कुणीतरी हमखास विचारतं, "इतकं सुंदर फूल काढणारा माणूस पुढे काळ्या पट्ट्या आणि लाल-निळे चौकोन का काढत बसला?" विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा हळहळ असते, चांगल्या घरातला मुलगा वाया गेल्यासारखी.

आधी ते फूल बघू. १९०८-०९च्या सुमारास कोळशाने काढलेली त्याची एक शेवंती न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात आहे. फुलदाणी नाही, टेबल नाही, रंगसुद्धा नाही. पाकळीवर पाकळी कशी बसते, कुठली आत वळते, कुठली सुटून बाहेर येते, एवढ्याचाच शोध चाललाय. हे फूल शोभेसाठी काढलेलं वाटत नाही. १९४१ साली आपल्या वाटचालीबद्दल लिहिताना त्याने सांगितलंच आहे, की गुच्छापेक्षा एकेकटं फूल रंगवायला आवडायचं, कारण त्याची रचना जास्त चांगली दाखवता येते. रचना! चौकोनांचं बी तिथेच आहे. याच काळात, १९०९मध्ये, तो थिऑसॉफिकल सोसायटी या गूढ-आध्यात्मिक विचारांच्या संस्थेचा सभासद झाला. दिसणाऱ्या रूपाच्या आत काय आहे, ही ओढ त्याला तिथेही घेऊन गेली असणार.

शिवाय त्याने फुलं सोडली, हेही अर्धंच खरं. १९१७मध्ये 'डे स्टाइल' हे डच कला-नियतकालिक सुरू झालं, त्यात तो सरळ रेषा आणि मूळ रंगांची बाजू हिरिरीने मांडत होता. पण १९२०नंतर पॅरिसमध्ये राहत असतानाही तो फुलांची जलरंगचित्रं करत होता, कारण ती विकली जायची. म्हणजे आपण ज्याला 'खरी कला' म्हणतो ती पोटासाठी, आणि ज्याला चाळे म्हणतो ते स्वतःसाठी! ही नंतरची फुलं नाजूक आहेत, देखणी आहेत, पण मी त्यांच्यापाशी फार रेंगाळत नाही. घेणाऱ्याला काय आवडेल हे त्या चित्रांना आधीच ठाऊक असतं. कोळशाच्या शेवंतीला काहीच ठाऊक नव्हतं.

गंमत म्हणजे पॅरिसमधल्या आपल्या स्टुडिओत त्याने एक कृत्रिम ट्यूलिप ठेवलं होतं, आणि त्याचं पान पांढरं रंगवलं होतं. हिरवा रंग डोळ्यांसमोर नको म्हणून. इतका हट्ट मला थोडा हास्यास्पद वाटतो, तरी माणूस खोटा नव्हता एवढं नक्की.

पट्ट्या-चौकोन तरीही पचत नसतील, तर शेवंतीवरून थेट त्यांच्यावर उडी मारू नका. मध्ये त्याचं १९११चं 'करडं झाड' बघा. फांद्या शेवंतीच्या पाकळ्यांसारख्याच वळतात, पण झाड कुठे संपतं आणि मागचं आकाश कुठे सुरू होतं ते सांगणं अवघड जातं. ते चित्र बघून मग पुन्हा विचारा, मी आहेच.