बुंदीचा हॉट स्पॉट आणि आमची हळद

मागच्या जुलैत चार दिवस पाऊस थांबतच नव्हता तेव्हाची गोष्ट. मुलुंडला आमचं वन बीएचके, घरात दोऱ्या बांधून कपडे फॅनखाली वाळत टाकलेले, आणि बुंदी (आमची लॅब, म्हणजे लॅब्रॉडोर कुत्री, पाच वर्षांची) दिवसातून तीनदा खाली जाऊन भिजून यायची. टॉवेलने वरवर पुसलं की झालं काम, असं आमचं चाललेलं.

तिसऱ्या दिवशी ती उजव्या कानाखाली सारखी खाजवायला लागली. बघितलं तर गालावरचे केस फेविकॉल ओतल्यासारखे चिकटलेले, बोटाला चिकट लागतंय आणि आंबूस वास. आई म्हणाली, "हळद आणि खोबरेल लाव, आपण लावतो ना, मग तिला काय होणारे." मी लावलं. वर मेडिकलवाल्याने दिलेली खाजेची ट्यूब पण लावली, म्हणजे अतिशहाणपणा माझाच. दुसऱ्या दिवशी रुपयाएवढं होतं ते तळहाताएवढं झालं, आणि सोफा पिवळा, भिंत पिवळी, बुंदी पिवळी.

व्हेट मॅडमनी आधी ट्रिमर काढला. केस जात गेले तसं खालचं दिसायला लागलं, लालभडक, ओलं, पाणी सुटलेलं, आम्हाला वरून जेवढं दिसत होतं त्याच्या दुप्पट. हॉट स्पॉट म्हणाल्या. कुत्रं खाजवतं, कातडी सोलवटते, ओल्या केसांखाली बॅक्टेरिया वाढतात, त्याने अजून खाज सुटते, की परत खाजवणं, आणि हे काही तासांत पसरतं. त्यावर तेलाचा लेप म्हणजे ओल आत कोंडून ठेवणं. ट्यूबचं नाव ऐकून त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं, कारण माणसांच्या क्रीममध्ये स्टिरॉइड नाहीतर झिंक असू शकतं आणि कुत्रं ते चाटून पोटात घालतं.

पण मुळात खाज का सुटली? बारीक कंगव्याने केसांतले काळे कण काढून ओल्या कापसावर ठेवले. पिसवांची शी असेल तर तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. आमचा कापूस तसाच राहिला. मग कान उलटा केला तर आत चॉकलेटी मळ आणि तोच वास. कानाचं इन्फेक्शन! लॅबचे लोंबते कान, त्यात पावसाळा, आत हवाच जात नाही. आम्ही गालावर हळद फासत बसलो होतो.

मग क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) पाण्यात पातळ करून दोनदा पुसणं आणि कोरडं टिपून घेणं, कानात ड्रॉप्स, खाजेची गोळी, आणि गळ्यात ती फनेलसारखी प्लास्टिकची कॉलर, खाजवू नये म्हणून. दहा दिवस ती दारांच्या चौकटींवर आपटत फिरत होती, आईच्या पायाला इतक्या वेळा लागलं की आई म्हणाली ह्याच्यापेक्षा हळद बरी. पण कॉलर काढायची नाही म्हणजे नाही, एका रात्रीत सगळं परत उकरून ठेवतात.

आणि प्रत्येक जखम हॉट स्पॉटच असते असंही नाही हं. गोल टक्कल पडलं तर फंगस असू शकतं आणि ते आपल्यालाही होतं. गोचीड वगैरे काही दिसत नाही तरी केस झडतायत तर कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, किडे आहेत का ते. आणि पावसाळ्यात जखमेला भोक आणि घाण वास असेल तर अळ्या पडलेल्या असू शकतात, तिथे उद्यावर टाकायचं नाही. आमच्या बिल्डिंगखालच्या काळ्या नावाच्या कुत्र्याला झालेलं, वॉचमन आणि मी त्याला रिक्षात घालून नेलं होतं. परळचं बैलघोडा हॉस्पिटल (प्राण्यांचं) दक्षिण मुंबईकडच्या लोकांना जवळ पडतं, शेजारीच व्हेटर्नरी कॉलेज पण आहे, १८८६ सालचं.

आता खालून आली की पंजे, पोट, कानामागे कोरडं पुसायचं, मग हेअर ड्रायर, गार हवेवर. ते काम आईनेच घेतलंय. बुंदी ड्रायर बघून टेबलाखाली जाते आणि आई टॉवेल घेऊन तिच्यामागे टेबलाखाली.