६५ चौरस फुटांची परसबाग : पिकांची निवड आणि सध्याची स्थिती

मंडळी, या खेपेच्या नोंदीत बियांपेक्षा हिशेब जास्त आहे. थंडी सरत आली आहे, ऊन चढायला लागलंय आणि अर्धे वाफे रिकामे होत आहेत. आता त्यात काय घालायचं हे ठरवताना केलेली आकडेमोड इथे उतरवतो.

आधी जागा. १० फूट लांब आणि ८ फूट रुंद तुकडा. मधून लांबीला समांतर दीड फुटाची वाट सोडली आहे, म्हणजे लागवडीला ६५ चौरस फूट राहतात. वाफे पूर्व-पश्चिम आहेत. उत्तरेला भिंत, दक्षिण मोकळी आणि पश्चिमेच्या टोकावर दुपारनंतर सावली. माती काळजी घेतली की सुधारते, ऊन मात्र जेवढं आहे तेवढंच. म्हणून बी निवडण्याआधी सकाळी नऊला, बाराला आणि तीनला सावल्या कुठे पडतात ते कागदावर काढून ठेवलं. हा कागद ऋतू बदलला की पुन्हा काढावा लागतो, कारण सूर्याची वाट सरकते. फळं देणाऱ्या पिकांना रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या तीन-चार तासांवरही भागवतात, मुळं आणि कंदांची गरज या दोन्हींच्या मधे कुठेतरी. म्हणजे पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा पाल्याचा, यावर चर्चाच नको.

आता निवडीचा निकष. "एका झाडाला किती लागतं" हा आकडा मी बाजूला ठेवला आहे. लहान वाफ्यात खर्च होतात त्या गोष्टी दोनच: जागा आणि दिवस. म्हणून सोयीसाठी एक एकक वापरतो, फूट-दिवस. एक चौरस फूट जागा एक दिवस अडली की एक फूट-दिवस खर्ची पडला.

कोबी घ्या. दोन रोपांत दीड फूट अंतर धरलं तर एका रोपाला सव्वादोन चौरस फूट. रोप लावल्यापासून गड्डा भरेपर्यंत ७० ते ९० दिवस. ८० धरले तर एका गड्ड्यामागे १८० फूट-दिवस, आणि गड्डा कापला की बहुतेक खेळ संपला. उलट छोटा गोल मुळा तीन-तीन इंचांवर पेरला तर चौरस फुटात १६ बसतात आणि लवकर येणारी जात महिन्याभरात उपटायला येते. ३० फूट-दिवसांत १६ मुळे, म्हणजे एकामागे दोनसुद्धा नाहीत. कांदा चार इंचांवर लावला तर चौरस फुटात नऊ, गड्डा पोसायला लावणीपासून ११० दिवसांच्या आसपास; एकामागे बारा-तेरा फूट-दिवस. हा आकडा तसा वाईट नाही. तरी कांदा यादीत नाही, कारण दुसरा निकष.

दुसरा निकष असा: तोडल्यावर ते किती टिकतं? कांदा, लसूण, बटाटा, लाल भोपळा महिनोन्‌महिने टिकतात. ते विकत आणले काय आणि वाफ्यातून आणले काय, ताटात फारसा फरक पडत नाही. कोथिंबीर, पालक, कोवळी भेंडी, शेंगा यांचं तसं नाही, त्यांचा प्रत्येक तास मोजला जातो. मटार आणि मका तोडल्याबरोबर त्यांच्यातली साखर पिठूळ होऊ लागते. म्हणून टिकाऊ पिकांना घरच्या वाफ्यात जागा द्यायला माझं मन होत नाही. अपवाद कांद्याच्या पातीचा. हाच कांदा दाट लावून पात म्हणून कापला तर दोन्ही निकषांत छान बसतो, आणि वाफ्याच्या कडेला चार बोटं जागेत येतो.

मका मात्र कोड्यात टाकतो. ताजेपणाच्या निकषावर तो पहिला आला असता. पण मक्याचं परागीभवन वाऱ्यावर चालतं आणि कणसातला प्रत्येक दाणा एकेका स्वतंत्र रेशमी धाग्यामार्गे फळतो. एका ओळीत सात-आठ ताटं लावली तर पराग वाऱ्याबरोबर बाजूला निघून जातो आणि कणसं अर्धी बोडकी राहतात. चार बाय चारचा चौकोन हवा, म्हणजे १६ चौरस फूट. बागेचा चौथा हिस्सा, एका ताटाला एक, फार तर दोन कणसं. नाही परवडत.

टोमॅटोवर सगळ्यात जास्त विचार झाला. दोन बाय दीड फुटाला एक झाड, पहिलं फळ पिकायला लावणीपासून ६० ते ८० दिवस. पहिलं फळ हातात येण्याआधीच दोनशेच्या घरात फूट-दिवस गेलेले असतात. कोबीपेक्षा महाग! पण टोमॅटो पुढे आठवडेच्या आठवडे देत राहतो, त्यामुळे त्याचा भाव नंतर झपाट्याने उतरतो. इथे जात महत्त्वाची. बुटक्या, झुडुपासारख्या जातींची वाढ ठरावीक उंचीवर थांबते आणि सगळी फळं थोड्याच दिवसांत पिकतात. एकदम भरपूर फळं साठवायची असतील त्यांना त्या सोयीच्या. रोजच्या वापराला उंच वाढत जाणाऱ्या जाती बऱ्या. त्यांना काठीचा आधार, बगलफूट दर आठवड्याला खुडायची, एकच खोड वर न्यायचं. मी छोट्या फळांची जात घेतली आहे. मोठ्या फळांच्या जाती उन्हाला लवकर हार मानतात: दिवसाचं तापमान ३५ अंशांवर गेलं आणि रात्रीही उबदार राहिल्या की पराग निकामी होतो आणि फुलं देठापासून गळतात. लहान फळांच्या जाती तुलनेने तग धरतात. तीन झाडं लावली आहेत. तिन्हींवर दुसरा घोस धरलाय, उन्हाचा कडाका वाढण्याआधी आणखी दोन धरले तर उत्तम.

टोमॅटोची झाडं लहान असतात तेव्हा त्यांच्यामधली जमीन महिनाभर मोकळीच असते. तिथे मुळा आणि पालक पेरला होता. टोमॅटोने सावली धरेपर्यंत दोन्ही निघाले. असं आंतरपीक घेतलं की त्या दोनशे फूट-दिवसांतले निदान साठ-सत्तर वसूल होतात. जागेच्या तंगीवर यापेक्षा सोपा उपाय मला तरी दिसत नाही.

वांगं या वर्षी नाही. ते आवडत नाही म्हणून नव्हे. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा एकाच कुळातले, आणि मर रोगाचे जिवाणू, मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी हे सगळ्या कुळाला सारखेच धरतात. पुस्तकी सल्ला असा की एका जागी हे कूळ तीन वर्षांत एकदाच यावं. सल्ला बरोबर आहे, पण ६५ चौरस फुटांत तो पाळायचा कसा? त्यात उंच पीक दक्षिणेच्या वाफ्यात नेलं तर उत्तरेचा वाफा सावलीत जातो. (दक्षिण गोलार्धात असाल तर हे सगळं उलटं वाचा.) म्हणजे फेरपालट करायला जावं तर ऊन जातं, ऊन जपावं तर फेरपालट राहते. यातून काढलेली वाट अशी: या कुळातलं जमिनीत एकच पीक, ते म्हणजे टोमॅटो. मिरची कुंडीत, दहा-बारा इंची कुंडी तिला पुरते. आणि दर तिसऱ्या वर्षी टोमॅटोही कुंडीत, मोठ्या, नव्या मातीच्या.

सूत्रकृमींवरून आठवलं, कडेला चार झेंडू लावले की ते पळतात हा समज फारच पसरलाय. झेंडूची मुळं त्यांना आवरतात हे खरं, पण त्यासाठी तीच जागा दोन-एक महिने दाट झेंडूने भरलेली लागते. कडेचे चार झेंडू शोभेला, आणि मधमाश्यांना.

उत्तरेच्या वाफ्यात भिंतीलगतच्या शेवटच्या फुटापर्यंत वाटेवरून हात पोचत नाही. म्हणून तिथे ताटी उभी केली आहे. वेल वर चढला की फळ डोळ्यांसमोर येतं. थंडीत या ताटीवर मटार होता. फूट-दिवसांच्या हिशेबात मटार साफ नापास. दोन महिने जागा अडवतो आणि सोललेले दाणे ओंजळभर. तरीही तो राहणार. वेलीवरून तोडून उभ्याउभ्या खाल्लेल्या मटाराला आकडे लावणाऱ्यांत मी नाही. ऊन वाढलं की त्याची फुलं गळतात, सध्या तेच चाललंय, त्यामुळे जागा आपोआप सुटते आहे. वेल उपटले नाहीत, बुडाशी कापले. मुळं आणि त्यांवरच्या गाठी मातीत कुजू दिल्या. (या गाठी सूत्रकृमींच्या नव्हेत, हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, धरणाऱ्या जिवाणूंच्या.) एक गाठ नखाने फोडून पाहिली, आतून गुलाबी होती, म्हणजे नत्र धरण्याचं काम चालू होतं. अर्थात त्या नत्राचा मोठा वाटा दाण्यांतून आपणच काढून नेलेला असतो, तेव्हा मटारानंतर कंपोस्टाला सुट्टी द्यायची नाही.

त्याच ताटीवर आता काकडी आणि दोडका. जमिनीवर पसरणारी काकडी पाच-सहा चौरस फूट खाते, उभी चढवली की एक-दीड फुटात भागतं. लाल भोपळ्याला ही सवलत नाही, तो तीन-चार मीटर धावतो आणि घरात फुकट राहणाऱ्या पाहुण्यासारखा हळूहळू सगळ्या खोल्या व्यापतो.

नव्याने वेली लावणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. सुरुवातीची फुलं बहुतेक नर असतात, ती गळाली की घाबरायचं कारण नाही. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं, तेवढी खूण पुरे. मादी फूल आलं त्या दिवशी त्या वेलावर नर फूल उमललेलं असेलच असं नाही, म्हणून एका जातीचे निदान दोन वेल लावावेत. मधमाश्या कमी असतील तर हाताने पराग लावावा, पण वेळ पाळून: काकडी आणि लाल भोपळा सकाळी उमलतात, दोडका आणि दुधी संध्याकाळी. सकाळी सातला दोडक्याच्या फुलाशी ब्रश घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. काकडीत परागाशिवाय फळ धरणाऱ्या जातीही मिळतात, बाग जाळीने झाकलेली असेल तर त्याच घ्याव्या. माझ्या दोन्ही काकड्यांना चौथं पान फुटलंय. दोडक्याचं बी टणक, अजून वर आलेलं नाही.

टोमॅटोशेजारी उरलेल्या सहा चौरस फुटांत सहा भेंड्या. भेंडीला गरम माती लागते, थंड मातीत बी कुजतं, म्हणून पेरणी आत्ता कुठे केली. पेरल्यापासून ४५ ते ५० दिवसांत तोडा सुरू होतो आणि मग दर दुसऱ्या दिवशी तोडावंच लागतं. दोन दिवस जास्त राहिली की ती निबर होते, आणि एक शेंग जून झाली की झाड पुढची फुलं धरायला कुचराई करतं. आठवड्यातून एकदाच बागेत जाणाऱ्याने भेंडी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला मुळा, गाजर, बीट बरे, ते थांबतात.

दक्षिणेच्या वाफ्यात सगळी बुटकी मंडळी. मधल्या भागात घेवडा. झुडपी घेवड्याचा बहर दोन-तीन आठवड्यांत उरकतो, वेलघेवडा दीड-दोन महिने देतो पण त्याला ताटी हवी आणि ताटी भरलेली आहे. म्हणून झुडपीच, पण सगळा एकदम न पेरता तीन हप्त्यांत. पहिला हप्ता फुलावर आलाय.

पश्चिमेच्या टोकाला पालक आणि कोथिंबीर संपत आली. ऊन आणि दिवसाची लांबी वाढली की दोन्ही तुऱ्यावर जातात. सावलीने आठ-दहा दिवस पुढे ढकलता येतं, टाळता येत नाही. त्यामुळे तिथे आता राजगिरा. तो उष्णतेत जोमाने वाढणाऱ्या वर्गातला, पालक हात टेकतो तिथे तो वाढायला लागतो, आणि महिन्याभरात पहिला खुडा देतो. खरं तर त्यालाही भरपूर ऊन आवडतं; सकाळच्या चार-पाच तासांत तो किती फुटवे देतो ते बघू. दोन चौरस फुटांची पट्टी, दर दहा-बारा दिवसांनी एक.

कोथिंबिरीचं बी राखण्यासाठी दोन झाडं तशीच ठेवली आहेत. त्या छोट्या पांढऱ्या फुलांवर मावा खाणाऱ्या अळ्यांच्या माश्या भरपूर येतात, त्यामुळे ती जागा वाया गेली असं मी धरत नाही.

राहिली मिरची. गेल्या हंगामातल्या दोन कुंड्या अजून हिरव्या आहेत. कडक गारठा लागला नाही तर मिरची बहुवर्षायू, तेव्हा नवी रोपं करण्यापेक्षा हीच छाटून फुटवे घ्यायचा विचार आहे. जुनं झाड नव्या रोपापेक्षा आधी फुलावर येतं हा मोठा फायदा. एक कुंडी बुडापासून वीतभर ठेवून छाटली, दुसरीच्या फक्त शेंड्याकडच्या फांद्या कमी केल्या. ज्यांनी दुसऱ्या वर्षी मिरची ठेवली असेल त्यांनी किती खाली छाटली आणि छाटताना मुळंही कापली का, ते कळवा. दुसरी कुंडी त्याप्रमाणे करेन.